गाडीच्या स्टिरिओतली शिट्टी: आधी आवाज कुठून शिरतो ते शोधा

या भागाचं शब्दांकन द्या अशी मागणी जरा जास्तच आली, आणि ती रास्त आहे. डिकीत उकिडवं बसून, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात मल्टिमीटर धरून पॉडकास्ट मागे-पुढे करणं कुणालाच जमायचं नाही. बोलताना मी जे आवाज ऐकवले, त्यांच्या जागी इथे कंसात लिहिलंय. आकडे मात्र इथे जास्त आहेत, कारण आकडे कानापेक्षा डोळ्याला बरे.

तर विषय: गाडीच्या स्टिरिओतून येणारा नको तो आवाज. हौसेने अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर बसवून घेतला, पैसे दिले, गाडी दुकानाबाहेर काढली, आणि गाणं सुरू व्हायच्या आत स्पीकरमधून बारीक शिट्टी. रेस दिली की शिट्टी चढते, पाय काढला की उतरते. [इथे ऐकवलं: कुंऽऽईऽऽईऽऽऽ] परत दुकानात गेलं की साधारण दोनपैकी एक उत्तर मिळतं. "साहेब, नॉइज फिल्टर टाकावा लागेल," नाहीतर "तुमच्या गाडीचा अल्टरनेटरच गेलाय." पहिल्यात काहीशे रुपये जातात, दुसऱ्यात काही हजार. आणि दोन्ही करूनही शिट्टी जागच्या जागी राहिलेली मी पाहिली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की काहीही विकत घ्यायच्या आधी तो आवाज नेमका कुठून आत शिरतोय ते शोधायचं. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे, जवळजवळ फुकट आहे, आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे नुसतं ऐकणं. इंजिन बंद, चावी फक्त अ‍ॅक्सेसरीवर, स्टिरिओ चालू, गाणं पॉज. आवाज आहे? असेल तर तो कसा आहे? एकसारखा सूऽऽऽ असा असेल, तर तो अ‍ॅम्पचा गेन वाजवीपेक्षा वर असल्याचा आहे, अल्टरनेटरचा इथे काही संबंध नाही. त्याच्याकडे नंतर येतो. आता इंजिन चालू करा. नवीन आवाज आला आणि तो रेसबरोबर चढला-उतरला, तर ती आपली शिट्टी. टिकटिक आली आणि रेसबरोबर तिचा वेग वाढला, तर पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइलकडे बघायचं. मग एकेक करून ब्लोअर, वायपर, इंडिकेटर, हेडलाइट लावा. ब्लोअर एक नंबरवरून चारवर नेल्यावर घूंघूं वाढली, तर इंजिनाच्या मागे लागायची गरजच नाही. आणि हो, दाराच्या पॅनलमधून येणारी भर्रभर्र हा विजेचा आवाजच नव्हे. तिथे हात दाबून धरा. थांबली तर क्लिप ढिली आहे, विषय संपला.

आता ही शिट्टी येते कुठून? अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं छोटं वीजघर. त्याच्या आत तीन फेजची एसी वीज तयार होते आणि डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. हिशेब करून बघू. आयडलला इंजिन ८०० आरपीएमने फिरतंय. अल्टरनेटरची पुली लहान, त्यामुळे तो समजा अडीच पट, म्हणजे २००० आरपीएमने फिरतो. बारा पोलचा असेल तर एका फेरीत सहा आवर्तनं, म्हणजे सेकंदाला २००. तीन फेज, आणि प्रत्येक फेजचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून लहरी त्याच्या सहा पट: १२०० हर्ट्झ. रेस देऊन इंजिन २४०० वर नेलं की ३६०० हर्ट्झ. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, नेमका तोच हा पट्टा. म्हणून लहर छोटी असली तरी ती टोचते.

आणि इथे मुद्दा लक्षात घ्या: ही लहर धडधाकट अल्टरनेटरमध्येही असते. प्रत्येक गाडीत असते. बॅटरी तिला बरीचशी गिळून टाकते आणि कंपनीच्या स्टिरिओत ती ऐकू येत नाही. मग अ‍ॅम्प बसवल्यावरच का ऐकू येते? कारण बहुतेक वेळा आपण तिला आत यायला एक नवीन वाट करून दिलेली असते.

ती वाट म्हणजे अर्थिंग. आपल्याकडे मेकॅनिक लोक "अर्थ" म्हणतात, प्रत्यक्षात ती गाडीची बॉडी असते. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली आणि सगळ्या उपकरणांची निगेटिव्ह बॉडीवर कुठे ना कुठे. आपण समजतो की बॉडी म्हणजे एकच लोखंड, कुठेही जोडा, सारखंच. तसं नसतं. पत्र्याला, सांध्याला, गंजलेल्या बोल्टला थोडा का होईना विरोध असतो. समजा डिकीतल्या अ‍ॅम्पच्या अर्थच्या बोल्टपाशी ०.०१ ओहम विरोध आहे आणि अ‍ॅम्प १० अँपिअर ओढतोय. दहा गुणिले ०.०१ म्हणजे ०.१ व्होल्ट, १०० मिलिव्होल्ट. म्हणजे डिकीतला "शून्य" आणि डॅशबोर्डमधला "शून्य" यांच्यात १०० मिलिव्होल्टचा फरक. आता या दोन शून्यांना आपण कशाने जोडलंय? आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीने. तो फरक त्या जाळीतून वाहू लागतो, आणि अ‍ॅम्पला तो गाण्याचाच भाग वाटतो. हळू आवाजात गाणं लावलं असेल तेव्हा त्या केबलमधून येणारा खरा सिग्नलही काही दहा मिलिव्होल्टचाच असतो. म्हणून गाणं मोठं लावलं की शिट्टी झाकली जाते आणि हळू लावलं की जीव खाते. याला ग्राउंड लूप म्हणतात.

आता शोधायचं कसं. अ‍ॅम्प वगैरे काही नसेल, कंपनीचाच स्टिरिओ असेल आणि तरी शिट्टी असेल, तर पहिला संशयित तुमचा मोबाइल. फोन ऑक्स केबलने स्टिरिओला जोडलाय आणि त्याच वेळी लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरवर लावलाय, बरोबर? हा छोटासा ग्राउंड लूपच झाला. चार्जर उपटा. शिट्टी गेली? मग ब्लूटूथ वापरा, नाहीतर ऑक्स केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल पलीकडे जातो पण तारेचा थेट संबंध तुटतो. स्वस्तातला घेतला तर खालचा बास थोडा पातळ होतो, एवढं ठेवा लक्षात.

अ‍ॅम्प असेल तर व्हॉल्यूमची खूण बघा. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी शिट्टी तेवढीच? मग ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतेय: केबल, अ‍ॅम्प, अर्थ. व्हॉल्यूमबरोबर शिट्टीही कमी-जास्त होते? मग ती मागून येतेय: फोन, ऑक्स, अँटेना. या एका खुणेने अर्धी गाडी तपासातून बाद होते.

पुढची खूण आरसीए काढून बघायची. पण थांबा, सिस्टिम बंद करून मगच काढा. काही हेड युनिटमध्ये आरसीएच्या निगेटिव्हवर एक अगदी बारीक फ्यूज सर्किट बोर्डवर असतो. अ‍ॅम्पचा अर्थ सुटलेला असताना चालू स्थितीत पिना काढ-घाल केली तर तो उडू शकतो, आणि मग जी शिट्टी सुरू होते ती अर्थ कितीही घासला तरी जात नाही. तो उडालाय की नाही हे बघायला, आरसीएच्या बाहेरच्या कड्याला एक वायर लावून ती हेड युनिटच्या धातूच्या खोक्याला टेकवा. शिट्टी झपकन कमी झाली तर तोच.

अ‍ॅम्पच्या इनपुटच्या पिना काढल्यावर ती भोकं नुसती मोकळी ठेवू नका, मोकळं इनपुट स्वतःच काहीबाही पकडतं. दोन रिकाम्या आरसीए पिना घ्या, मधली दांडी आणि बाहेरचं कडं सोल्डरने एकत्र करा, आणि त्या अ‍ॅम्पच्या इनपुटला लावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशा सुट्या पिना कुठल्याही दुकानात मिळतात. फक्त अ‍ॅम्पच्या इनपुटला, हं. हेड युनिटच्या आउटपुटला ही पिन लावायची नाही. आता इंजिन चालू करून ऐका. अजूनही शिट्टी असेल, तर दोष अ‍ॅम्पच्या स्वतःच्या सप्लायमध्ये, अर्थमध्ये किंवा पुढच्या स्पीकर वायरमध्ये आहे. एखादी स्पीकर वायर सोलवटून बॉडीला लागलीय का तेही बघा. शिट्टी गेली असेल, तर ती आरसीएतून येत होती.

मग तिसरी खूण. हेड युनिटच्या टोकाची आरसीए काढा आणि तीच केबल बारीक जॅकच्या तुकड्याने तुमच्या फोनला लावा. फोन चार्जरवर नको, स्वतःच्या बॅटरीवर. फोन बॉडीला कुठेच जोडलेला नाही, त्यामुळे इथे लूप होतच नाही. आवाज स्वच्छ आला तर ग्राउंड लूप किंवा हेड युनिटची बाजू. तरीही शिट्टी आली तर केबल स्वतःच वाटेत आवाज गोळा करतेय. म्हणजे ती पॉवरच्या जाड वायरला चिकटून मागे आणलीय. पॉवर एका बाजूच्या दाराखालून आणि आरसीए दुसऱ्या बाजूने, हा नियम. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

रत्नागिरीहून एका श्रोत्यांनी व्हॉइस नोट पाठवली होती, त्यांची परवानगी घेऊन सांगतो. त्यांची डिझेल टुरिस्ट गाडी आहे. "दादा, पाहुणे गाडीत बसले की पहिलं हेच विचारतात, हा कसला आवाज येतोय? गाडीत काही बिघाड तर नाही ना?" धंद्याची गाडी, त्यात गिऱ्हाइकाच्या मनात शंका. दुकानदाराने अल्टरनेटर बदलायला सांगितलेला. गंमत अशी की शिट्टी पहिल्यापासून नव्हती, पावसाळा संपता संपता सुरू झाली. त्यांनी वरच्या तिन्ही खुणा केल्या आणि बोट अर्थकडे गेलं. मग त्यांना मी मीटर लावायला सांगितला: डीसी व्होल्टवर, एक टोक अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह स्क्रूला, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला, गाणं मोठ्याने चालू. आकडा आला ०.३ व्होल्ट. इथे ०.१ च्या आत हवा. डिकीतला गालिचा उचलला तर खाली ओल, बोल्ट तांबूस आणि तारेचं थिंबल हिरवं पडलेलं. कोकणात चार महिने जी हवा असते त्यात हे व्हायचंच. घासून, नवीन थिंबल लावून परत मोजलं, ०.०२. शिट्टी गेली. अल्टरनेटर अजून तोच आहे.

तेव्हा अर्थ कसा करायचा ते नीट सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. अ‍ॅम्पपासून शक्यतो दोन फुटांच्या आत बॉडीच्या जाड पत्र्यावर जागा निवडा. पॉलिश पेपरने रंग आणि खालचा प्रायमर घासून लख्ख लोखंड दिसेपर्यंत खरवडा. रंगावर बसलेलं थिंबल म्हणजे अर्थ नव्हे. वायर पॉझिटिव्हइतकीच जाड घ्या. थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच कथा नको. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ मारण्याची एक सवय आहे, ती मला अजिबात पटत नाही. तो बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवण्यासाठी आहे, त्याला आपल्या वूफरसाठी सोडायचा-आवळायचा नाही. आणि नवीन भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते.

काही जण म्हणतात, मग अर्थची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हलाच आणतो. नवीन गाड्यांत, विशेषतः सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत, त्या टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो. त्याला बगल देऊन वायर जोडली तर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॉडीलाच जोडा. पॉझिटिव्ह मात्र थेट बॅटरीपासून घ्या, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. याचा शिट्टीशी संबंध नाही, पण तुम्ही बॉनेट उघडलंच आहे तर बघून घ्या. फ्यूज डिकीत अ‍ॅम्पजवळ लावला, तर मधली सगळी वायर उघडी पडली. ती कुठे पत्र्यावर घासून शॉर्ट झाली की थांबवणारं कुणी नाही आणि गाडी पेट घेऊ शकते.

आता तो सूऽऽऽ. गेनचा खटका म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, इथे बरेच जण फसतात. हेड युनिटकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे ते अ‍ॅम्पला सांगायचं ते बटण आहे. तो पुरा फिरवून ठेवला की अ‍ॅम्प गाण्याबरोबर सगळा कचराही मोठा करतो, शिट्टीसुद्धा. गेन तळाला आणा, हेड युनिटचा व्हॉल्यूम पाऊण भागापर्यंत वाढवा, मग गाणं फाटायला लागेपर्यंत गेन हळूहळू चढवा आणि फाटायच्या जरा आधी थांबा. नुसत्या एवढ्यानेही काहींची तक्रार मिटते.

फक्त रेडिओवरच खरखर येत असेल, ब्लूटूथवर सगळं स्वच्छ, तर वरचं काहीही करू नका. तो आवाज हवेतून अँटेनात येतोय. हल्ली त्याचे तीन लाडके गुन्हेगार आहेत: स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट. तिघांतही व्होल्टेज कमी-जास्त करणारं, सेकंदाला हजारो वेळा उघड-झाप करणारं सर्किट असतं, आणि त्याच्यावर नीट आवरण नसेल तर ते छोटंसं रेडिओ स्टेशनच होतं. एकेक उपटून बघा. घरात जुना खिशातला ट्रान्झिस्टर असेल तर तो एएमवर, कुठलंच स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि डॅशबोर्डभर फिरवा. जिथे खरखर वाढेल तिथे चोर. याच्याइतकं स्वस्त आणि इमानदार यंत्र मला तरी माहीत नाही. काहीच सापडलं नाही तर अँटेनाच्या बुडाचा नट बघा, तिथे गंज चढला की अँटेनाचा अर्थ जातो.

नॉइज फिल्टर वाईट नाहीत. हेड युनिटच्या पॉवर वायरवर लावायचा फिल्टर खरोखर पॉवरमधून येणारी लहर अडवतो. पण शिट्टी आरसीएच्या जाळीतून येत असेल तर तो बिचारा चुकीच्या दारावर पहारा देत उभा राहतो. आणि आरसीएवर लावायचा आयसोलेटर लूप तोडतो खरा, पण अर्थ सैल तो सैलच राहतो, आणि सैल अर्थ गरम होतो.

राहता राहिला अल्टरनेटर. तो खरंच बिघडू शकतो, आतला एखादा डायोड गेला तर लहर एकदम मोठी होते. ते कळायला मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६, चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. नवीन स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत हा आकडा हलता असतो, घाबरू नका. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मीटर एसी व्होल्टवर करा. ०.१ च्या आत असेल तर अल्टरनेटर ठीक. ०.५ च्या वर गेला तर डायोडवर संशय घ्यायला जागा आहे, आणि तेव्हा खुशाल ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. त्यांना "शिट्टी येतेय" एवढंच न सांगता हे दोन आकडे सांगा. अनेकदा फक्त डायोडची प्लेट बदलून काम होतं, पूर्ण अल्टरनेटर लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. जुन्या गॅरेजमध्ये अल्टरनेटर तपासायची एक पद्धत आहे: गाडी चालू ठेवायची, बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला. पूर्वीच्या गाड्यांत हे खपून जायचं. पण बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटीने उसळतं, आणि आजच्या गाडीत त्या उसळीच्या वाटेत इंजिनाचा ईसीएम, एअरबॅगचं सर्किट आणि तुमचा स्टिरिओ उभा असतो. कुणी चालू गाडीत पाना घेऊन बॅटरीकडे वळला, तर त्याला तिथेच थांबवा आणि मीटर मागा.